बाबूलालच्या नावचं पान

लालगंजातल्या धकात्यांच्या घरी त्रेसष्ट वर्षांच्या माणसाचं बारसं करायची वेळ येईल, असं पुष्पलताला एकोणतीस वर्षांच्या संसारात कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण सिंधूताई सकाळी साडेसातलाच रिक्षातून उतरल्या त्या घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे घेऊनच. नवऱ्याची, म्हणजे दुर्गेशची, ही आत्या एकदा पदर खोचून ओसरीवर बसली की तिला हलवायला क्रेन लागते, असं दुर्गेश म्हणायचा. अर्थात आत्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"ज्याची तेरवी झाली थो मेला," सिंधूताई हरभरे निवडत म्हणाल्या. "अन् मेलेल्याले पुन्हा आपल्या घरात पाय ठेवाचा असन, तं पयले त्याचा जन्म व्हा लागते. पाळणा, घुगऱ्या, कानात नाव. मंग खुशाल जाऊ द्या खाप्याले."

"पण सिंधूआजी, बाबूकाकाला मावेल असा पाळणा आणायचा कुठून?" रितिकानं विचारलं. पोरगी चोवीस वर्षांची, आयटीत नोकरीला, पण आज सुट्टी टाकून घरीच होती. कारण हा सगळा घोळ तिनंच घातला होता.

"लुगड्याची झोळी करू. चौघं धरतीन. तुह्या बापाले एक टोक धराले लाव, तेवढंच पोट कमी होईन."

घोळ असा. महिन्याभरापूर्वी आबाजींना, म्हणजे पुष्पलताच्या सासऱ्यांना, दादाजी धकात्यांना, ऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्या संध्याकाळी अंगणात दादाजींनी क्लॅरिनेट वाजवलं, घरीच राहणाऱ्या बाबूलालनं, म्हणजे बाबूकाकानं, मोठा ढोल वाजवला, आणि रितिकानं त्याचा व्हिडिओ करून टाकून दिला. लोकांनी अंगठे दाखवले, ती विसरून गेली. दहा दिवसांनी खाप्याहून वैभव बारापात्रे नावाच्या पोराचा फोन आला. ढोल वाजवणारा माणूस कोण, त्याच्या डाव्या भुवईवर खूण आहे का, आणि असली तर तो माझा मोठा बाबा आहे, तेहेतीस वर्षांपूर्वी मेलेला.

आज अकरा वाजता वैभव आणि त्याची आई मैनाबाई येणार होते. मैनाबाई म्हणजे बाबूलालची बायको. बाबूलाल गेला असं समजून धाकट्या दिराशी, मनोहररावाशी, तिचा पाट लावला होता. वैभव त्या दोघांचा. मनोहरराव करोनात वारले. हे सगळं वैभवनं फोनवरच सांगून टाकलं होतं. बाबूलालनं ते शांतपणे ऐकून घेतलं, "मन्या चांगला होता," एवढंच म्हणाला आणि तेव्हापासून रोज दाढी करत सुटला. आत्ताही मागच्या खोलीत त्याची तिसरी दाढी चालली होती.

पुष्पलता स्वयंपाकघरात पाटोडीचा रस्सा करत होती. मसाला परतताना ठसका लागत होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणी विचारत नव्हतं. बरंच होतं ते. वीस वर्षांपूर्वी सासरे मनोरुग्णालयातून निवृत्त झाले, तेव्हा बाकीचे लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात तसे हे बाबूलालला घेऊन आले होते. कागदपत्रं रीतसर, सहीशिक्क्यांची. त्या दिवशी पुष्पलतानं रितिकाला उचललं आणि सरळ माहेरी उमरेडला निघून गेली होती. पागलखान्यातला माणूस घरात, आणि घरात चार वर्षांची पोर! सासऱ्यांनी समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत. आठव्या दिवशी उमरेडला आले आणि म्हणाले, "तुह्या जागी मी असतो तं मी बी गेलो असतो. तू ये, पाह्य. नाही पटलं तं मी त्याले घेऊन दुसरी खोली पाहीन." ती आली. पाहिलं. आता त्याच बाबूलालला कुणी घेऊन जाऊ नये, असं तिला वाटत होतं. माणसाचं मन म्हणजे असलं अवघड जागेचं दुखणं.

दाराशी खाकरल्याचा आवाज आला.

दादाजी कधीच मागून येत नसत. घरातल्या घरातसुद्धा आधी खाकरायचे, मग समोरून यायचे, हात दिसतील असे. चोवीस वर्षं वॉर्डात परिचर म्हणून काढल्याची ती सवय. त्याआधी सतरा वर्षं पलटणीच्या बँडमध्ये. कोष्ट्याचा पोरगा, हातमागाचा खटखटाट ऐकत वाढलेला, अठराव्या वर्षी फौजेत गेला आणि तिथल्या बँडमास्तरनं हातात क्लॅरिनेट दिलं. लढाई लागली की बँडवाल्यांना वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलावं लागतं, हे त्याला एकाहत्तर साली कळलं. "दोघांची पावलं एका तालात पडली नाही, तं वरचा माणूस हिसक्यानंच मरते," असं ते सांगत. वॉर्डातही त्यांनी तेच केलं. आंघोळीला कुणी उठेना, तर दारात उभं राहून मार्च वाजवायचे. शिव्या देत का होईना, रांग लागायची. पुढं त्यांनी तिथं अकरा जणांचा बँडच उभा केला. स्वतःचं नाव विसरलेली माणसं त्यात होती, पण आपली पाळी कधी येते हे एकही विसरत नसे.

तर दादाजी खाकरले, आत आले, कोपऱ्यातला पाट ओढून खाली बसले. पुष्पलताचा हात थांबला. वाईट काही सांगायचं असलं की ते समोरच्याहून खाली बसून सांगायचे. तिची आई गेली तेव्हाही ते असेच पाटावर बसले होते.

"काय झालं, मामाजी?"

"पुष्पा, मी खाप्याले जाऊन आलेलो आहो."

"कधी? काल तं तुम्ही घरीच होते."

"अठ्ठ्याण्णव साली."

पुष्पलतानं गॅस बंद केला.

"सहा वर्षं झाली होती त्याले वॉर्डात," दादाजी सांगू लागले. "नाव सोडून काही सांगे नाही. त्या साली पयल्यांदा खापा म्हणाला, कन्हान म्हणाला. म्हटलं, ऑफिसात सांगाच्या आधी आपणच पाहून येऊ. उगाच त्याले आशा लागाची. रजा टाकली अन् गेलो. पित्तराचे दिवस, पाऊस पडून राहिला होता. घर सापडलं. दारात उभा राह्यलो तं समोर भिंतीवर बाबूलालचा फोटो, हार घातलेला. हा घरून निघून गेला, अन् मंग कन्हानच्या पुरात एक मुर्दा सापडला होता म्हणे. सदरा पाहून घरच्यायनं त्यालेच बाबूलाल म्हटलं, जाळलं, तेरवी केली. त्या दिवशी त्याचंच पान होतं. पित्तर म्हून ज्याले जेवाले बोलावलं होतं थो पावसानं आला नव्हता. थो मनोहर मले पाहून म्हणे, या, तुमाले देवानंच पाठवलं. पाय धुतले, टिळा लावला, पाटावर बसवलं."

"अन् तुम्ही जेवले?"

"जेवलो." दादाजींनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "बाबूलालच्या जागी बसून बाबूलालच्या नावचं जेवलो. वाढणारी त्याची बायको. कडेवर वर्षाचं लेकरू. तिले पाहूनच समजलं, पाट लागला आहे. म्या तोंड उघडलं असतं तं त्या पोरीचं काय झालं असतं, सांग? घास गिळला अन् वापस आलो. कोणाले नाही सांगितलं. तुह्या सासूले बी नाही."

बाहेर सिंधूताईंच्या हरभऱ्यांचा आवाज थांबला होता. त्यांचे कान बहात्तराव्या वर्षीही पोस्टातल्या तारयंत्रासारखे होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागं चहाचा कप घेऊन दुर्गेश.

"बाबा, हे आता कोणाले सांगू नका," दुर्गेश पहिल्यांदा बोलला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. थे लोक येतीन, भेटतीन, जेवतीन. तुम्हाले आजवर देव म्हणते बाबूकाका. कायले हात दाखवून अवलक्षण?"

"कोंबडं झाकलं म्हून तांबडं फुटाचं राह्यते काय रे?" सिंधूताई फणकारल्या. "बारशाच्या आधी सांगाच लागन. खोट्यावर जन्म नाही होत कोणाचा."

"आत्या, तू तं बारसंच घेऊन बसली!"

"मंग काय तुह्यासारखी तोंडात गुळणी धरून बसू?"

दादाजी दोघांकडेही पाहत नव्हते. ते सुनेकडे पाहत होते. घरात चाळीस वर्षं दुसऱ्यांचे निर्णय घेणारा हा माणूस आज आपला निर्णय तिच्या पदरात टाकून बसला होता, हे पुष्पलताला कळलं, आणि तिला त्यांची फार माया आली. शिवाय मनात चोर होता. बाबूलालला हे कळलं तर तो या घरात एक दिवस राहायचा नाही. नाही कळलं तर कदाचित राहीलही.

"नका सांगू, मामाजी," ती म्हणाली.

दादाजींनी मान डोलावली. उठले, गुडघ्यावर हात टेकून. "मले वाटलं होतं तू म्हणशीन, सांगा," एवढं बोलून ते बाहेर गेले. त्यानंतर रस्शात मीठ घातलं की नाही हे पुष्पलताला आठवेना, म्हणून तिनं पुन्हा घातलं.

मैनाबाई अकराला पाच कमी असतानाच आली. साठीची, ठेंगणी, अंगावर फिक्या निळ्या रंगाचं सुती पातळ, कपाळ मोकळं. मागं वैभव, हातात मिठाईचा डबा आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. बाबूलाल अंगणात कडुलिंबाखाली उभा होता. इस्त्रीचा सदरा, गालावर तीन दाढ्यांचे तीन कापे.

 दोघं एकमेकांकडे नुसते पाहत राहिले. तेहेतीस वर्षांत एकाचे केस गेले होते, दुसरीचे पांढरे झाले होते.

"दात कुठी गेले तुमचे?" शेवटी मैनाबाई म्हणाली.

"दोन वॉर्डात पडले. बाकीचे इथं," बाबूलालनं हिशोब दिला. "तू जाडी झाली वं."

आणि मैनाबाई जी रडायला लागली, ती ओसरीवर बसवून पाणी देईपर्यंत थांबली नाही. वैभव वाकून बाबूलालच्या पाया पडला. बाबूलालनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. "नाक मन्याचं आहे," तो खुशीत म्हणाला. तेवढ्यानं सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. चहा आला, चिवडा आला. सिंधूताईंनी संधी साधून बारशाची योजना मांडली, वैभवनं गंभीरपणे ऐकून घेतली. रितिका तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. एकंदरीत मूठ झाकलेलीच राहणार, असं दुर्गेशच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मैनाबाईनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि दादाजींकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. दादाजी खुर्चीवर होते. ते हळूच उठले आणि सतरंजीवर, तिच्याहून खाली, पायरीला टेकून बसले.



"मैनाबाई, मले एक सांगाचं आहे. बाबूलाल, तू बी ऐक."

"बाबा, पयले जेवून घेऊ ना," दुर्गेश घाईनं उठला. "पुष्पा, पानं घे. थे लोक दुरून आले, भूक लागली असन—"

पुष्पलता उठलीसुद्धा होती. मग तिची नजर बाबूलालवर गेली. तो मास्तरकडे पाहत होता. दादाजींना तो वॉर्डातल्यासारखा मास्तरच म्हणायचा. बँडमध्ये इशाऱ्याची वाट पाहताना तो पाहायचा तसाच पाहत होता, पूर्ण भरवशानं. त्या भरवशाखाली काहीतरी दडवून पुढची वर्षं त्याला जेवायला वाढणं आपल्याला जमणार नाही, हे तिला तिथंच उमगलं.

"बोलू द्या मामाजीले," ती दुर्गेशला म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं होतं."

दादाजी बोलले. सकाळी स्वयंपाकघरात सांगितलं तेच, पण आता त्यांचा आवाज जागोजागी अडत होता. पाऊस, फोटो, पाटावरचं पान. बाबूलालचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. वैभवनं दोनदा आईकडे पाहिलं. मैनाबाई मात्र मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती.

"म्या त्या दिवशी तुमाले फसवलं," दादाजींनी संपवलं. "काय बोलाचं थे बोला."

"मले माहीत होतं," मैनाबाई म्हणाली.

ओसरीवर कुणाला काही कळलं नाही.

"छत्री होती तुमच्यापाशी. काळी. तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, मनोरुग्णालय, वॉर्ड सात. म्या हातानं थे कोपऱ्यात ठेवली. चौथी शिकली आहो मी, वाचता येते." ती थांबली, नाक पुसलं. "पागलखान्यातला माणूस आमच्या दारी कायले येईन? तुम्ही फोटोकडं पाहून जेवू नाही राहिले होते. म्या ओळखलं, हे जिवंत आहेत. तुम्ही निघाले तवा तुमच्या मागं धावाले पाह्यजे होतं. वैभव कडेवर होता. नाही धावली. तवापासून दर साली यायच्या नावचं पान वाढलं अन् दर साली माहीत होतं की माणूस जिवंत आहे."

"आई!" वैभव उभा राहिला. "बाबाले माहीत होतं?"

"नाही रे. तुह्या बापाले कधीच नाही सांगितलं."

बाबूलाल उठला. कुणाकडेही न पाहता मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आणि मग ओसरीवर जे सुरू झालं ते विचारू नका. वैभव आईला विचारत होता, आत्तापर्यंत मला का नाही सांगितलं. दुर्गेश बापावर, मी म्हटलंच होतं. सिंधूताईंचं म्हणणं, दोघंही गुन्हेगार, दोघांनाही प्रायश्चित्त हवं. रितिका म्हणत होती, कुणी कुणाला ओरडू नका, आणि ते सगळ्यांहून मोठ्यानं ओरडून म्हणत होती. दादाजी आणि मैनाबाई मात्र गप्प होते. एकाच वर्गातली दोन पोरं मास्तरपुढं उभी राहावीत तशी.

"धम्, धम्."

मागच्या खोलीतून ढोलाचे दोन ठोके आले. लागोपाठ, कडक.

धकात्यांच्या घरात दोन ठोक्यांचा अर्थ लहान पोरालाही कळायचा. बँड चालत असताना मोठ्या ढोलावर असे दोन ठोके पडले की सगळ्यांनी थांबायचं. फौजेतला नियम होता. दादाजींनी तो वॉर्डात नेला, बाबूलालनं घरी आणला. सगळे एकदम थांबले, अगदी सिंधूताईसुद्धा. दार उघडून बाबूलाल बाहेर आला. डोळे लाल होते.

"मी पागल होतो तवा सगळे माह्यासाठी ठरवत होते," तो म्हणाला. "ठीक होतं. मले माह्यं मुतसुद्धा समजत नव्हतं. मैना, तुह्यावर माहा राग नाही. लेकराच्या मायनं काय कराले पाह्यजे होतं? पण मास्तर, मी बरा झालो. बरा आहो म्हून कागद देला डॉक्टरनं, तवा तुम्ही मले इथं आणलं. वीस वर्षं इथं आहो, खाप्यात आपलं कोणी उरलं नसन असं धरून. या वीस वर्षांत एखाद्या दिवशी, एखाद्या संध्याकाळी, मले विचाराचं होतं ना. बाबू, तुह्यी बायको जिवंत आहे, घर आहे, काय करू?"

दादाजींनी वर पाहिलं नाही.

"पयले मैनाबाईसाठी गप राह्यलो," ते म्हणाले. "देवाशप्पथ. मंग इथं आल्यावर दोन वर्षांनी तुह्यी वहिनी, दुर्गेशची माय, गेली. त्याच्यानंतर... माह्यासाठी गप राह्यलो. तुले सांगितलं असतं तं तू गेला असता बाबू. संध्याकाळी कोणासोबत वाजवलं असतं म्या? भेव वाटे मले. चाळीस वर्षं लोकायचं भेव घालवलं, अन् आपलं नाही घालवता आलं."

सासऱ्यांना भीती वाटते हे वाक्य पुष्पलतानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन सतरंजीवर बसली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

बाबूलाल मैनाबाईकडे वळला. 

"कढी होती काय?" त्यानं विचारलं.

"काय?"

"त्या दिवशी पानावर. कढी केली होती काय?"

"होती," मैनाबाई चाचरत म्हणाली. "उडदाचे वडे बी होते. खीर होती."

"मास्तरले वडे किती वाढले?"

"पाच. यायनं दोनच खाल्ले."

"म्हणजे माह्ये तीन वडे टाकून आले," बाबूलाल दादाजींना म्हणाला. "अन् सत्तावीस वर्षं सांगितलं नाही."

पहिल्यांदा रितिकाच्या तोंडून हसू फुटलं. मग मैनाबाईच्या, तेही रडता रडता. दादाजी हसले नाहीत.  बाबूलालनं हात धरून त्यांना उठवलं, खुर्चीत बसवलं, आणि पुष्पलताला पानं घ्यायला सांगितलं. जेवायला मैनाबाईनं वाढलं. पुष्पलतानं आपण होऊन डाव तिच्या हातात दिला आणि मुकाट्यानं बाजूला झाली. रस्सा भलताच खारट झाला होता, पण कुणी तक्रार केली नाही. बाबूलालनं तर दोनदा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर मैनाबाईनं हात पुसत, भिंतीकडे पाहत विचारलं, "मंग, येता काय खाप्याले?"

"बारसं झाल्याशिवाय—" सिंधूताईंनी सुरुवात केली.

"मावशी, एकदा जन्मलो थेच लय झालं," बाबूलाल म्हणाला. "बारसं नोको. माह्या फोटोवरचा हार मी माह्या हातानं काढीन. तेवढं केलं की झालो मी जिवंत."

सिंधूताईंनी क्षणभर विचार केला. शास्त्रात हे बसत नव्हतं, पण बाबूलालचं तोंड पाहता शास्त्रानं थोडं सरकून घ्यावं, असं त्यांनी ठरवलं असावं. "मंग उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून काढजो," त्या म्हणाल्या. "फोटो बाहेर आणाले लाव. अन् ह्या घुगऱ्या घेऊन जाय. भिजवलेले हरभरे काय मी एकटी खाऊ?"

"आताच निघू," बाबूलाल वैभवला म्हणाला. "दिवसा पोचलं पाह्यजे."

तो मागच्या खोलीत गेला आणि पिशवी भरू लागला. दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान.  दादाजी खुर्चीतून म्हणाले, "जाऊ द्या त्याले. बरोबर आहे. त्याचं घर आहे थे." आवाज त्यांनी फार कष्टानं सरळ ठेवला होता. पुष्पलताला तो ऐकवेना. ती आत गेली, फळीवरून बाबूलालच्या गोळ्यांचा डबा काढला. सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. वीस वर्षं तिनंच दिल्या होत्या, एक दिवस न चुकता. डबा घेऊन ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. विचारायचं तर होतंच. विचारलं की सगळं कळणार होतं, म्हणून जीभ उचलत नव्हती.

"बाबूकाका, किती दिवसांच्या गोळ्या बांधू?"

ओसरीवर खुर्ची करकरली. बाबूलालनं पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली, टॉवेल नीट केला.

"चार दिवसांच्या," तो म्हणाला. "अन् मास्तरच्या बीपीच्या बी चार दिवसांच्या बांध. नाही तं उद्याच म्हणतीन, गोळी राह्यली, वापस जातो."

"मी?" दादाजी बाहेरून म्हणाले. "मी कायले? तुमच्या घरच्या भेटीत माह्यं काय काम?"

बाबूलाल पिशवी खांद्याला अडकवून ओसरीवर आला. समोरून आला, हात दिसतील असा, आणि दादाजींच्या खुर्चीपुढं उकिडवा बसला.

"तवा तुम्ही एकटेच जाऊन आले, मास्तर," तो म्हणाला. "आता मले घेऊन चाला."

 खुर्चीखाली वाकून दादाजी चपला शोधू लागले.